वही नवी काढा, दादा

"ताई, नमस्कार. मी 67 वर्षांचा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. 1977 साली एकोणिसाव्या वर्षी गावच्या तालमीत उतरलो. कुस्तीत फार काही जमलं नाही, पण मेहनतीची सवय लागली ती लागलीच. पुढे रॉड आणि प्लेटा आल्या. ऐन भरात, 72 किलो वजन असताना, 180 किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून ताठ उभं राहायचं) मारली आहे. आता उजव्या खांद्यातला स्नायू फाटलाय, दोन्ही गुडघे झिजलेत आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम करा. मुलगा म्हणतो, बाबा, नुसतं फिरायला जा. बायको म्हणते, या वयात आता कुणाला दाखवायचंय? गेल्या महिन्यात घरी न सांगता जिमला गेलो, 120 लावले, उचललेही, आणि कमरेत उसण भरली. बारा दिवस अंथरुणात होतो. घरी सांगितलं, बादली उचलताना झालं. जिममधली पोरं म्हणतात, काका, तुम्ही ट्रेडमिलवर चाला. सोडून द्यावं का, एवढंच सांगा."
– एक जुना मेहनती, सांगली जिल्हा

दादा, नमस्कार.

सोडू नका. तुम्ही एवढंच विचारलंत म्हणून उत्तर आधी देऊन टाकलं. पण तुमच्या पत्रात न विचारलेलंच जास्त आहे, आणि त्यावर बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

बादलीपासून सुरुवात करू. बादलीची गोष्ट वहिनींना खरी वाटली असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? अठ्ठेचाळीस वर्षं मेहनत केलेला माणूस बादलीनं आडवा होत नाही, हे त्या तुमच्याइतकंच जाणतात. त्या बोलल्या नाहीत, एवढंच. तो विषय तुम्ही दोघं बघा. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. तुम्ही 120 च का लावलेत? 70 का नाही, 50 का नाही? मी सांगते. 180 मारलेल्या माणसाला 120 हलकेच वाटतात. डॉक्टर हलकं म्हणाले, तुम्ही तुमच्या हिशेबानं हलकंच केलंत! तुमच्या डोक्यात अजून तरुणपणची वही उघडी आहे, आणि तिच्यातल्या आकड्यांतून थोडी वजाबाकी करून तुम्ही आजचं वजन ठरवता. ती वही ज्या पठ्ठ्याची होती त्याच्या हृदयात स्टेंट नव्हता, गुडघे शाबूत होते आणि तो रात्री नऊ तास गाढ झोपायचा. त्याचा हिशेब तुम्ही का चुकता करताय?

हे सगळं मी खुर्चीत बसून सांगत नाही. धंद्यानं मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय 61. दीड वर्षाची असताना पोलिओनं डावा पाय बारीक झाला. सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा डंबेल हातात घेतलं, तेव्हापासून आजतागायत सुटलेलं नाही. माझ्या दोन पायांचे दोन कायदे आहेत. उजवा पाय मी पिळून काढते. डाव्याला कधीच दमेपर्यंत नेत नाही. पोलिओतून ज्या मज्जापेशी वाचतात त्या मेलेल्यांचंही काम आयुष्यभर ओढत असतात, आणि पुढे कधीतरी थकायला लागतात. त्यांच्यावर हट्टानं जोर केला तर ताकद वाढायची सोडून उतरते. हे मला पुस्तकातून नाही कळलं. चाळिशीत मी हट्ट करून पाहिला आणि पुढचं वर्षभर जिन्याचा कठडा धरून चढले. त्यामुळे तुमच्या 120 ची गंमत मला आतून ठाऊक आहे.

म्हणून आता एक नवी वही आणा. साधी, शंभर पानी. पहिल्या पानावर आजची तारीख. जुनी वही असेल तर (असणारच, तुमच्यासारखे लोक ती जपून ठेवतात) माळ्यावर टाका, नातवाला दाखवायला उपयोगी पडेल. नव्या वहीतला पहिला आकडा कितीही लहान असो, तो या वहीतला विक्रमच असेल. नव्या वहीत खांद्याचं पान वेगळं, गुडघ्याचं वेगळं, कमरेचं वेगळं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या पानावर न्यायचा नाही.

आता "हलका व्यायाम". हे दोन शब्द डॉक्टर घाईत बोलतात आणि पेशंट आपापल्या सोयीनं ऐकतात. तुमच्या मुलानं त्याचा अर्थ फिरायला जाणं असा घेतला, तुम्ही 120 किलो असा घेतला. हृदयरोग्यांनी वजनं उचलावीत की नाही हा प्रश्न आता जुना झालाय. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2000 सालीच त्यावर सल्लापत्रक काढलं, 2023 मध्ये पुन्हा काढलं, आणि दोन्हींचा सूर एकच आहे: प्रकृती स्थिर असेल तर मध्यम वजनांचा व्यायाम हृदयाच्या रुग्णाला चालतो, नुसता चालतो असं नाही, त्याचा फायदा होतो. "प्रकृती स्थिर असेल तर" हे शब्द मात्र महत्त्वाचे. तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि यावेळी "व्यायाम करू का" असं मोघम विचारू नका. असं विचारा: स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) करून घेऊ का? ज्या वजनाचे सलग पंधरा रेप (म्हणजे पंधरा वेळा उचलणं) निघतात त्याचे दहाच काढून थांबलो तर चालेल का? रक्तदाब किती असेल त्या दिवशी वजनाला हात लावायचा नाही? माझ्या कुठल्या गोळीनं नाडी दबून राहते? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके मोजून काही कळत नाही, मनगटावरचं घड्याळ तुम्हाला खुशाल "आराम" दाखवेल. त्यापेक्षा साधी खूण: सेट (रेपांची एक सलग फेरी) संपल्यावर एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे.

आणि 120 उचलल्याचं त्यांना सांगा. बादली तिथं चालणार नाही.

दम कोंडण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण जुन्या मेहनती माणसांची ही सगळ्यांत घट्ट सवय. तालमीत जोर मारताना श्वासाची लय असते, पण जड रॉड उचलताना प्रत्येकजण दम धरतो, पोट ताठ करतो आणि "हुंऽऽ" करतो. 1985 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत थेट नळी घालून, ते जड वजन मारत असताना रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं) करताना सरासरी दाब 320/250 निघाला. एकाचा 480/350 च्या वर गेला. ती तरणीबांड पोरं होती, दाब आला तसा क्षणात उतरलाही. तुमच्या रक्तवाहिन्यांची अशी परीक्षा कशाला घ्यायची? उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. मोठ्यानं आकडे मोजा, म्हणजे दम आपोआप धरता येत नाही. आणि हे फक्त जड वजनाला लागू आहे असं समजू नका. हलकं वजन घेऊन हात लटपटेपर्यंत मारलंत तरी शेवटच्या दोन-तीन रेपांत दाब तसाच चढतो. म्हणून प्रत्येक सेटला निदान दोन-तीन रेप शिल्लक ठेवून रॉड खाली. तुम्हाला हे चोरट्यासारखं वाटेल. वाटू दे.

कमरेचा तो जुना कातडी पट्टाही काढून ठेवा. त्याच्यावर पोट दाबून दम कोंडण्यासाठीच तो असतो.

जिममधल्या पोरांना एक गोष्ट सांगा, त्यांना ऐकायला आवडेल. ती जे दिवसभर "दहाचे तीन सेट, दहाचे तीन सेट" करत असतात, ते कुठून आलं? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला शिकागोच्या एका लष्करी इस्पितळात थॉमस डिलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. जखमी सैनिकांनी वॉर्ड भरलेले, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, आणि तेव्हाची पद्धत अशी की अगदी हलक्या वजनानं पाय कितीतरी वेळा हलवत राहायचं. महिने जायचे, मांडी काही भरायची नाही. डिलॉर्मला लहान वयात संधिवाताचा ताप झाला होता, हृदयाला धोका आहे म्हणून डॉक्टरांनी त्याला अंगमेहनतीची मनाई केली होती. त्यानं ती मानली नाही आणि वजनं मारून उभा राहिला. तेच त्यानं सैनिकांना दिलं: थोडे रेप, पण वजन हळूहळू वाढवत न्यायचं. 1945 मध्ये त्यानं ते छापलं, आणि 1948 पर्यंत वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याला जे रूप दिलं ते असं: ज्या वजनाचे जेमतेम दहा निघतात ते ठरवायचं, मग पहिला सेट त्याच्या निम्म्यानं, दुसरा पाऊण वजनानं, तिसरा पूर्ण वजनानं. म्हणजे ही पोरं जे करतात ते मुळात मोडक्या गुडघ्यांसाठी बनलेलं आहे. ट्रेडमिलवर कुणी जायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुम्हीही तेच करा, फक्त तिसऱ्या सेटचं "पूर्ण" वजन म्हणजे जेमतेम दहाचं नव्हे, पंधरा निघतील असं धरा आणि दहावर थांबा.

खांदा आधी घेऊ, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथं होतात. खांद्याच्या वाटीभोवती चार स्नायूंची एक पकड असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. साठीनंतर एमआरआय काढला तर कितीतरी लोकांच्या या पकडीत फाटलेलं सापडतं, आणि त्यातल्या अनेकांना दुखत काहीच नसतं. तेव्हा रिपोर्टमधल्या शब्दांना घाबरू नका, हात काय सांगतो ते ऐका. हात बाजूनं वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण खांद्याच्या उंचीच्या खालीवर, कळ येत असेल तर त्या टप्प्यात वजन नको. मानेमागून रॉड उतरवणं कायमचं बंद. बेंचवर झोपून छातीला रॉड टेकवणंही सध्या बंद. त्याऐवजी जमिनीवर चटई टाकून पाठीवर झोपा आणि दोन डंबेल, तळवे समोरासमोर ठेवून, वर दाबा. कोपर जमिनीला टेकलं की आपोआप थांबता, खांदा मागे ताणला जात नाही. दाबण्याच्या दुप्पट वेळा ओढा: बेंचवर एक हात टेकून दुसऱ्या हातानं डंबेल कमरेकडे ओढायचं. तुमच्या पिढीनं जोर इतके मारलेत की छाती पुढे आणि खांदे गोल झालेत, पाठीकडे कुणी पाहिलंच नाही.

मुद्गल फिरवू का, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचारणार, म्हणून आत्ताच सांगते: तीन महिने नाही. नंतर लहान मुलांच्या हातात देतात तेवढा हलका, आणि आरशासमोर.

उजवा हात फारच दुखत असेल त्या आठवड्यात डाव्यानं चालू ठेवा. एका हातानं मेहनत केली की दुसऱ्या, न हललेल्या हाताची ताकदही थोडी राखली जाते. हे येल विद्यापीठात 1894 सालीच दिसलं होतं. कारण ताकदीचा मोठा भाग मेंदू आणि मज्जांकडे असतो, दंडात सगळी नसते. हात प्लास्टरमध्ये असलेल्यांना मी हे नेहमी सांगते, आणि ते नेहमी माझ्याकडे संशयानं बघतात.

गुडघ्यांचं सोपं आहे, फक्त तुम्हाला ते आवडणार नाही. टाचा उचलून मारायच्या बैठका संपल्या. पाचशे नाहीत, पन्नास नाहीत, पाचही नाहीत. मागे एक मजबूत खुर्ची किंवा स्टूल ठेवा, टाचा जमिनीवर, कुल्ले मागे नेत बसा, टेकल्यासारखं करा आणि उठा. स्टूल उंच वाटला तर महिन्याभरानं थोडा बुटका. वजन पाहिजे असेल तर एक डंबेल छातीशी धरून. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या ताकदीसारखा दुसरा टेकू नाही. दुखणं शून्य ते दहा असं मोजा. तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत झालं तर पुढे चला. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा जिना उतरताना जास्त बोलू लागला, तर वहीत तसं लिहा आणि पुढच्या वेळी वजन नव्हे, किती खाली बसता ते कमी करा.

आणि डेडलिफ्ट. मला माहीत आहे, बाकी सगळं तुम्ही या एका परिच्छेदासाठी वाचलंत.

करा. पण कमरेची उसण पूर्ण गेल्यावर, आणि रॉड जमिनीवरून नाही. दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली पक्के लाकडी ठोकळे ठेवा, रॉड गुडघ्याच्या जरा खाली आला पाहिजे. जमीन ते नडगी या पहिल्या वीतभरातच तुमची कंबर गोल होते, तो टप्पाच काढून टाका. रिकामा रॉड घ्या, वीस किलोचा. एक आठवडा तोच. मग तीस. मग चाळीस. चाळीसनंतर मात्र दोन-तीन आठवड्यांनी एकदाच वाढवायचं, तेही पाच किलोच. स्नायू लवकर तयार होतात, पण ज्यानं ते हाडाला बांधलेले असतात तो कंडरा तुमच्या वयात सावकाश तयार होतो, आणि फाटतो तोच. साठ किलोवर आलात की मला कळवा, तिथून पुढे जायचं का हे तुमच्या स्ट्रेस टेस्टच्या कागदावर बघू. साठवरच थांबलात तरी ते साठ तुमच्या मांड्या, पाठ आणि मुठी राखायला पुरे आहेत. अवजड वजनाशिवाय स्नायू राहत नाहीत हा तालमीतला समज. वजन मध्यम असलं आणि सेट पुरेसा कष्टाचा झाला, तर स्नायूला फरक कळत नाही. फरक आपल्याला कळतो, प्लेटा मोजणाऱ्याला.

आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन. सोमवार आणि गुरुवार म्हणा. मध्ये चाला, मुलाचंही ऐकल्यासारखं होईल. पंचविशीत आज मारलेलं परवा भरून यायचं, आता तीन दिवस लागतात. त्या तीन दिवसांत शरीर कामच करत असतं. सुरुवातीला दहा मिनिटं अंग गरम करा, आणि शेवटचा सेट टाकून एकदम खाली बसू नका, रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला घेरी तेव्हाच येते. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं एकही झालं की तिथंच थांबायचं, आणि बादलीची गोष्ट न रचता दवाखाना गाठायचा. म्हणूनच जिमला एकट्यानं, घरी न सांगता जायचं नाही. एवढी एक अट मी घालतेय, बाकी सगळी विनंती आहे.

आता "या वयात" या शब्दांचं काय करायचं? 1990 साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंनी दहा जणांना घेऊन एक प्रयोग केला. वयं 86 ते 96. अशक्त, आधार घेऊन चालणारी माणसं, कुणाला संधिवात, कुणाला हृदयाचा आजार. आठ आठवडे त्यांनी मांडीसाठी वजनं मारली, आणि लुटुपुटुची नव्हे, त्यांच्या कुवतीच्या 80 टक्क्यांपर्यंत. ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. मग प्रयोग थांबला, व्यायामही थांबला, आणि चारच आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला मोठी गळती लागली. मला या दुसऱ्या भागाचं जास्त वाटतं. तुमची बारा दिवसांची विश्रांती किती महाग पडली असेल हे आता तुम्हीच बघा, आणि सोडून दिल्यावर काय होईल तेही.

वयाबरोबर आधी जातो तो झटका. मांडीतले वेगानं आखडणारे तंतू सर्वांत लवकर बारीक होतात. जड वस्तू सावकाश उचलणं जमत असतं, पण ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकून सावरणं जमत नाही. तुम्ही एसटीचे, तुम्हाला एसटीचंच उदाहरण देते. ती पहिली उंच पायरी. ड्रायव्हरनं अजून गियर टाकलेला नाही, मागे माणसं ढकलतायत, आणि पिशवी हातात. तिथं दांडा न धरता वर जाता येतं का? ते जाणं म्हणजे झटका. म्हणून खुर्चीतून उठतानाचा एक सेट हलक्या वजनानं किंवा बिनवजनाचा, पण चपळाईनं मारा: उठायचं पटकन, बसायचं सावकाश. तीस सेकंदांत हात छातीवर दुमडून किती वेळा उठता, हा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहा. डेडलिफ्टपेक्षा मला तो आकडा हवा आहे. शिवाय आठवड्यातून तीनेक दिवस भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींतही 65 च्या पुढच्यांसाठी ताकदीबरोबर तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितलेला आहे.

खुराकाबद्दल थोडक्यात. तालमीतला खुराक म्हणजे दूध, बदाम, थंडाई आणि वर तूप. तुपात प्रथिन नसतं, दादा, आणि तुमच्या स्टेंटला ते मानवणारही नाही. या वयात शरीराच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिन लागतं. 70 किलोच्या माणसाला सत्तर ते चौऱ्याऐंशी. एका अंड्यात सहा ग्रॅम. सकाळी चहा-खारी, दुपारी भाकरी आणि पातळ आमटी, रात्री भात, यात तो आकडा गाठला जात नाही. मटकीची उसळ घट्ट करायला सांगा, ताकाऐवजी दही, चालत असेल तर अंडी किंवा मासे, आणि हे तिन्ही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडून घ्या, माझ्याकडून नको. पोरं डब्यातली पावडर देऊ करतील. ती विष नाही, अमृतही नाही, महाग आहे.

आता वहिनी. "कुणाला दाखवायचंय?" हा प्रश्न तुम्हाला टोचला म्हणून पत्रात आला. मला तो रास्त वाटतो. कारण 120 च्या दिवशी तुम्हाला खरंच कुणाला तरी दाखवायचं होतं, ट्रेडमिल म्हणणाऱ्या पोरांना. पण मी वहिनींनाही एक प्रश्न विचारते, हे पत्र त्यांना वाचून दाखवा: घरातला भरलेला सिलिंडर कोण हलवतं? आत 14.2 किलो गॅस आणि टाकीसकट जवळपास तीस किलो. आज दादा हलवत असतील. उद्या त्यांनी सगळंच सोडलं तर? आणि वहिनी, पाळी जाऊन वर्षं झाली असतील, हाडांची तपासणी केलीत का कधी? ऑस्ट्रेलियात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हाडं विरळ झालेल्या, साधारण पासष्टीच्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट आणि बैठका मारल्या, चांगल्या जड. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. त्यात एकीच्या कमरेत किरकोळ लचक भरली, बाकी काही नाही. देखरेखीखाली, हे मी दोनदा लिहिलं असतं, पण जागा कमी आहे.

म्हणजे सोमवारी आणि गुरुवारी दोघांनी जायचं. दादा, वहिनींना तुम्ही शिकवा. रिकामा रॉड त्यांच्यासाठी आधी जडच होईल, दोन पाण्याच्या बाटल्यांपासून सुरू करा. दुसऱ्याला शिकवताना आपली स्वतःची कंबर सरळ राहते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. शिवाय तुमच्याबरोबर एक साक्षीदार राहील, ते वेगळंच.

पोरांचं मनावर घेऊ नका. त्यांना तुमच्यात त्यांचा आजा दिसतो, म्हणून ट्रेडमिल म्हणतात. माझ्या जिममध्ये पहिल्या दिवशी एकानं मला हात धरून सायकलवर बसवलं होतं. मी त्याला राजिंदरसिंग राहेलूंबद्दल सांगितलं. लहानपणी पोलिओ झालेले, पंजाबचे. 2004 च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये पॉवरलिफ्टिंगचं कांस्य आणलं. दिव्यांगांच्या त्या खेळात एकच प्रकार असतो, बेंचवर झोपून रॉड दाबायचा. पाय चालत नसतील तर पाय लागत नाही तो प्रकार निवडायचा, संपलं. तो मुलगा गप्प झाला आणि मग त्यानंच माझ्यासाठी बेंच पुसला. आता तो स्वतःची गुडघेदुखी घेऊन माझ्याकडे येतो, बावीस वर्षांचा!

तुम्ही साठीच्या पुढच्यांच्या स्पर्धांबद्दल ऐकलं असेल. पॉवरलिफ्टिंगमध्ये चाळीस, पन्नास, साठ आणि सत्तरच्या पुढे असे मास्टर्स गट असतात. कुणी नाव द्या म्हणालं तर सध्या नको म्हणा. स्पर्धेत एकदाच, पूर्ण जोर लावून, दम कोंडून उचलायचं असतं, आणि ते तुमच्या वहीतलं नाही. बघायला मात्र जा. चहाच्या टपरीवर आपल्या वयाची माणसं गुडघ्यांच्या तक्रारी आणि किलो एकाच वाक्यात बोलताना ऐकली की एकटं वाटत नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की कळवा. मग तीन महिन्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवा. आकडे खोडलेले असले तरी चालतील, फक्त खोडलेलं वाचता आलं पाहिजे. आणि पहिल्या पानावर तारखेखाली वहिनींचीही सही असू द्या.

– तुमची ताई